लॅपटॉपचे कूळ: गैरसमज आणि वस्तुस्थिती

दोडामार्ग तालुका १९९९ मध्ये सावंतवाडीतून वेगळा झाला; इथला बाजारहाट मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून सीमेपलीकडच्या गोव्यातला आहे. डिचोली, म्हापसा हाताशी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्याचे मुख्यालय ओरोस लांब. त्यामुळे इथल्या घरातला लॅपटॉप कधी म्हापशाच्या दुकानातला असतो, कधी सावंतवाडीतला, कधी कुरियरने आलेला, तर कधी मुंबईच्या चाकरमान्याने चतुर्थीला येताना आणलेला. यंत्राबरोबर मतही येते. ‘आमच्याकडे पहिल्यापासून डेलच’, ‘एचपीच्या वाटेला जाऊ नका’, ‘घ्यायचा तर ॲपल, नाहीतर घेऊच नका’ ही मते कुलाचारासारखी पाळली जातात आणि पुढच्या पिढीला सोपवली जातात. चाळीस-पन्नास हजार रुपये मोजताना माणूस ओळखीच्या नावाचा आधार शोधतो, त्यात गैर काही नाही. पण त्या नावाच्या खाती जे गुणदोष जमा होतात, त्यांतले बरेचसे त्या नावाचे नसतातच.

“अमुक कंपनीचा लॅपटॉप टिकतो, तमुक कंपनीचा टिकत नाही.”

झाकणावरचे नाव एकाचे आणि कारखाना दुसऱ्याचा, हा या धंद्यातला नेहमीचा प्रकार आहे. क्वांटा, कॉम्पाल, विस्ट्रॉन, इन्व्हेन्टेक, पेगाट्रॉन ही तैवानी नावे दोडामार्गच्या बाजारपेठेत कुणाच्या तोंडी नसतात. पण जगातल्या लॅपटॉपांचा मोठा हिस्सा वर्षानुवर्षे याच कंपन्यांच्या, मुख्यतः चीनमधल्या, कारखान्यांतून बाहेर पडत आला आहे. एकट्या क्वांटाने ॲपल, डेल आणि एचपी या एकमेकींच्या स्पर्धक कंपन्यांसाठी यंत्रे जुळवली आहेत. लेनोवोसारख्या काही कंपन्यांचे स्वतःचे कारखाने आहेत, हेही खरे. पण तिथेही आत बसतो तो बहुधा इंटेलचा किंवा एएमडीचा प्रोसेसर आणि सॅमसंग, एसके हायनिक्स किंवा मायक्रॉनची मेमरी.

याचा सर्वांत बोलका पुरावा ऑगस्ट २००६ चा आहे. पेट घेण्याच्या धोक्यामुळे डेलने सुमारे ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या. डेलच्या विरोधकांना आनंद झाला, पण तो दहा दिवसच टिकला. त्याच महिन्यात ॲपलने सुमारे १८ लाख बॅटऱ्या परत मागवल्या, पुढे लेनोवोनेही पाच लाखांवर. तिन्हींच्या बॅटऱ्यांतले सेल सोनीचे होते. ते बनवताना आत राहिलेल्या धातूच्या बारीक कणांमुळे शॉर्टसर्किट होऊ शकत होते. त्याच सुमारास मदरबोर्डवरचे सदोष कपॅसिटर फुगून फुटण्याची साथ आली. तिच्यात डेलचे ऑप्टिप्लेक्स सापडले आणि ॲपलचे आयमॅक जी-५ सुद्धा. ऋषीचे कूळ विचारू नये म्हणतात. लॅपटॉपचे मात्र अवश्य विचारावे.

मग हा समज इतका खरा का वाटतो? कारण फरक खरोखरच असतो, फक्त तो शोधला जातो चुकीच्या जागी. प्रत्येक मोठी कंपनी कार्यालयांसाठी एक मालिका काढते आणि घरगुती गिऱ्हाइकासाठी दुसरी. डेलची पूर्वीची लॅटिट्यूड आणि इन्स्पिरॉन, लेनोवोची थिंकपॅड आणि आयडियापॅड, एचपीची एलिटबुक आणि पूर्वीची पॅव्हिलियन, एसरची ट्रॅव्हलमेट आणि ॲस्पायर. बिजागरी, कीबोर्ड, सांगाडा, सुटे भाग मिळत राहण्याची मुदत, या सगळ्यांत एकाच कंपनीच्या या दोन मालिकांत जे अंतर असते, ते दोन कंपन्यांच्या समान किमतीच्या यंत्रांत क्वचितच आढळते. वाडीतल्या गुरुजींचा दहा वर्षे चाललेला लॅपटॉप पाहावा. तो बहुधा एखाद्या कार्यालयातून उतरलेला, सेकंड हँड घेतलेला, पण मूळचा महागड्या मालिकेतला निघतो. शेजारच्या मुलाचा दोन वर्षांत बिजागरी मोडलेला असतो तो दुसऱ्या कंपनीच्या सर्वांत स्वस्त मालिकेतला. तुलना झाली किमतींची आणि निकाल लागला कंपन्यांचा.

“एकदा वाईट अनुभव आला, म्हणजे ती कंपनीच वाईट.”

अनुभव खोटा नसतो, पण एका यंत्राचा अनुभव हा एका यंत्राचाच असतो. स्क्वेअरट्रेड या वॉरंटी विकणाऱ्या अमेरिकी कंपनीने २००९ मध्ये ३० हजार लॅपटॉपांच्या नोंदी तपासून एक अहवाल काढला. तीन वर्षांत यंत्रातील दोषामुळे बिघडणाऱ्यांचे प्रमाण सर्वांत कमी आढळले आसुसचे, १५.६ टक्के, सर्वांत जास्त एचपीचे, २५.६ टक्के. म्हणजे कंपन्यांमध्ये फरक मुळीच नसतो असेही नाही, आणि हे मान्य करायलाच हवे. पण हेच आकडे दुसऱ्या बाजूने वाचावेत. ‘सर्वांत वाईट’ कंपनीचेही चारांतले जवळजवळ तीन लॅपटॉप तीन वर्षे दोषाविना चालले. ‘सर्वांत चांगल्या’ कंपनीचेही साधारण सहांतला एक बिघडला. घरटी एक-दोन यंत्रे असलेल्या वाडीत या दोन कंपन्यांतला फरक नुसत्या अनुभवाने ओळखणे अशक्य आहे. त्यातून, बिघडलेल्या यंत्राची कथा चतुर्थीत पाच घरी सांगितली जाते. मुकाट्याने चालणाऱ्या यंत्राची कथा कुणी सांगत नाही.

शिवाय असे आकडे लवकर शिळे होतात. त्या यादीत आसुसच्या लगेच खाली तोशिबा होती. तिने २०१८ मध्ये लॅपटॉपचा बहुतांश धंदा शार्पला विकला आणि २०२० मध्ये उरलेला हिस्साही देऊन टाकला.

“जुनी कंपनी, जुना विश्वास.”

हा समज सगळ्यांत समजूतदार वाटतो आणि सगळ्यांत लवकर कोसळतो. थिंकपॅड १९९२ मध्ये आयबीएमने आणला. २००५ पासून तो लेनोवोचा आहे. कॉम्पॅक २००२ मध्ये एचपीत विलीन झाली, आणि एके काळी दर्जासाठी ओळखले जाणारे ते नाव पुढे एचपीच्या स्वस्त यंत्रांवर झळकत राहिले. सोनीने २०१४ मध्ये वायो विकून टाकला. भारतीय नावांची गतही निराळी नाही. विप्रोने २०१३ मध्ये संगणक बनवणे थांबवले. १९७६ मध्ये सुरू झालेली एचसीएल देशी संगणकाची ओळख मानली जाई. तीही या धंद्यातून बाहेर पडली. आणि ॲपल? तिचा मॅक १९८४ मध्ये मोटोरोलाच्या प्रोसेसरवर सुरू झाला, १९९४ मध्ये पॉवरपीसीवर गेला, २००६ मध्ये इंटेलवर आणि २०२० पासून स्वतःच्या चिपवर. चाळीस वर्षांत चौथे इंजिन. वीस वर्षांपूर्वीच्या पहिल्या लॅपटॉपवरून आजच्या लॅपटॉपची परीक्षा करणारा माणूस बहुधा अस्तित्वात नसलेल्या कारखान्यावर विश्वास टाकत असतो.

“तहसील कचेरीत तीच कंपनी आहे, म्हणजे तीच उत्तम.”

सरकार हजारांनी यंत्रे घेते, तेव्हा पारखूनच घेत असेल, हा तर्क स्वाभाविक आहे. पण सरकारी खरेदीचा मार्ग वेगळा. २०१६ पासून केंद्राचे जेम पोर्टल आहे, शिवाय ई-निविदा आहेत. तिथे मागणी नोंदवताना सहसा कंपनीचे नाव लिहिले जात नाही. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, वॉरंटीची वर्षे यांची अट घातली जाते. अटी पूर्ण करणाऱ्यांत ज्याची किंमत सर्वांत कमी, त्याला काम. त्या वर्षी त्या पुरवठादाराने कमी भाव भरला, एवढाच त्या झाकणावरच्या नावाचा अर्थ. पुढच्या खरेदीत दुसरे नाव येते. शेजारशेजारच्या दोन टेबलांवर दोन कंपन्यांची यंत्रे दिसतात ती यामुळेच. सरकारी अटींमधून घ्यावे असे काही असेल, तर जागेवर येऊन दुरुस्ती करून देणारी अनेक वर्षांची वॉरंटी. घरगुती गिऱ्हाईक नेमके तेच विचारायला विसरते.

“गोव्यातून घेतला की स्वस्त पडतो, आणि अस्सल मिळतो.”

पेट्रोल भरायला सीमेपलीकडे जाणाऱ्या तालुक्यात हा समज नसता तरच नवल. पेट्रोल आणि दारू या दोन्ही वस्तू जीएसटीच्या बाहेर आहेत; त्यांवर प्रत्येक राज्य आपला कर लावते, म्हणून सीमा ओलांडली की दर बदलतो. १ जुलै २०१७ पूर्वी इतर वस्तूंवरही राज्याराज्याचा वेगळा व्हॅट होता, आणि जुन्या पिढीचा हिशेब तिथेच थांबला आहे. लॅपटॉपवर आज डिचोलीत १८ टक्के जीएसटी, सावंतवाडीत १८ टक्के, मुंबईत १८ टक्के. दोन दुकानांच्या भावात फरक पडेल तो दुकानदाराच्या नफ्याचा किंवा सणाच्या सवलतीचा, राज्याचा नव्हे. अस्सलपणाचाही सीमेशी संबंध नाही. यंत्राच्या पाठीवरचा अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की वॉरंटी कधी सुरू झाली आणि कधी संपते ते कळते. ‘नवा’ म्हणून विकलेल्या यंत्राची वॉरंटी आठ महिन्यांपूर्वीच सुरू झालेली दिसली, तर काय समजायचे ते उघड आहे. दुकान सीमेवरच्या पत्रादेवीच्या अलीकडे असो वा पलीकडे.

“आपल्याकडची दमट हवा आणि वीज अमुकच कंपनी सोसते.”

सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. घाटाच्या पायथ्याच्या गावांत जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. अशा हवेत यंत्रे लवकर जातात, हे निरीक्षण अगदी बरोबर आहे. पण त्यावरून कंपनी निवडणे चूक. बहुतेक कंपन्यांची माहितीपत्रके जवळपास एकच मर्यादा सांगतात: सुमारे ९० टक्क्यांपर्यंत आर्द्रता चालेल, मात्र यंत्रावर दव धरता कामा नये. ही मर्यादा आपल्या पावसाळ्यात सगळ्याच कंपन्यांच्या बाबतीत ओलांडली जाते. रोज चालू राहणारा लॅपटॉप स्वतःच्या उष्णतेने कोरडा राहतो. सुट्टीपुरता गावी आणून कपाटात ठेवलेला गंजतो. म्हणूनच गावातल्या दुरुस्तीवाल्याकडे चाकरमान्यांचे ‘नवेकोरे’ लॅपटॉप बंद अवस्थेत येतात. डेस्कटॉपच्या डब्यात शिरणाऱ्या मुंग्या आणि पॉवर सप्लायमध्ये अडकलेली पाल यांना कंपनीचे नाव वाचता येत नाही.

विजेचे गणित आणखी स्पष्ट आहे. जवळपास प्रत्येक लॅपटॉपच्या चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते, मग चार्जर कुणाचाही असो. घरात येणारी वीज २३० व्होल्टची. पावसात फांदी पडून ट्रान्सफॉर्मरकडचा न्यूट्रल तुटला, तर एखाद्या घरात हा दाब ३०० च्या पुढे आणि वाईट वेळी चारशेच्या आसपास जाऊ शकतो. त्या क्षणी टीव्ही, फ्रिज आणि चार्जर एकत्रच जातात. मेअखेरच्या आणि परतीच्या पावसातल्या विजांचा धक्का तर विजेच्या तारेनेच येतो असे नाही; इंटरनेटच्या तांब्याच्या केबलमधून राउटरमध्ये आणि तिथून लॅपटॉपमध्येही येतो. विजांपासूनच्या बचावाला चांगले अर्थिंग लागते, आणि गोम तिथेच आहे. जांभ्या दगडाची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडली की वीज नीट जिरवत नाही. मीठ-कोळसा घालून वर्षानुवर्षे न पाहिलेला अर्थिंगचा खड्डा मे महिन्यात केवळ नावापुरता उरलेला असतो. त्यात पाणी ओतणे, वायरमनकडून त्याचा रोध मोजून घेणे, गडगडाट सुरू झाला की चार्जर आणि केबल दोन्ही काढणे, एवढ्याने जे वाचते ते कुठल्याही कंपनीच्या नावाने वाचत नाही.

“मॅकला व्हायरस लागत नाही.”

घरगुती संगणकांत सर्वदूर पसरलेला पहिला व्हायरस मानला जातो तो एल्क क्लोनर. १९८२ मध्ये एका शाळकरी मुलाने तो लिहिला, ॲपल-२ साठी. २०१२ मध्ये फ्लॅशबॅक नावाच्या घुसखोराने सहा लाखांहून अधिक मॅक बाधित केले. त्यानंतर काही आठवड्यांतच ॲपलने ‘याला पीसीचे व्हायरस लागत नाहीत’ अशा अर्थाची ओळ आपल्या संकेतस्थळावरून काढली. मॅकवर हल्ले तुलनेने कमी झाले हे खरे. त्याला रचनेइतकेच मॅकच्या कमी संख्येचेही कारण आहे. आणि विजेचे बिल थकल्याचा खोटा संदेश पाठवून ओटीपी काढून घेणाऱ्याला समोर कुठले यंत्र आहे याचे काहीच पडलेले नसते.

“मराठीत काम करायचे तर विंडोजच हवे.”

हा समज निव्वळ अफवा नव्हता. पंधरा-वीस वर्षांपूर्वी तो जवळजवळ खरा होता. महाराष्ट्रातली छपाई, लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल हे सारे श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव यांसारख्या साधनांवर उभे राहिले. टंकनाची सगळी सोय विंडोजवर बांधलेली, आणि प्रत्येक फाँटची सांकेतिक रचना निराळी. एका दुकानात जुळवलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला की ‘ग्रामसभा’च्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसे. म्हणून डीटीपीवाला ज्या यंत्रावर बसला त्याच्याशीच बांधला गेला. त्याची निष्ठा मनापेक्षा फायलींनी ठरवली होती. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासूनच आहे. ती रोजच्या वापरात यायला मात्र बराच काळ गेला. आज विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर इनस्क्रिप्ट कळफलक फुकट मिळतो आणि युनिकोडमध्ये लिहिलेले पत्र तिन्हींवर सारखेच वाचता येते. अडचण उरते ती जुन्या फायलींची. ज्याच्याकडे वीस वर्षांच्या पत्रिकांचे आणि अहवालांचे साठे आहेत, त्याने विंडोज सोडण्याआधी दहादा विचार करावा. ज्याच्याकडे ते नाहीत, त्याला हे बंधन लागू नाही.

“कंपनी बदलली की सगळे नव्याने शिकावे लागते.”

एमएस-सीआयटी २००१ मध्ये सुरू झाली, आणि विंडोज व ऑफिस म्हणजेच संगणक अशी समजूत तिच्या कितीतरी विद्यार्थ्यांनी करून घेतली. एसर, आसुस, डेल, एचपी, लेनोवो या सगळ्यांवर विंडोज एकच असते. बदलतात ती दोन-चार बटणांच्या जागा. मॅकवर किंवा लिनक्सवर जाताना मात्र थोडे शिकावे लागते, आणि ते शिकणे काही आठवड्यांचे असते.

“असेंबल केलेला म्हणजे नकली.”

नाही. त्यातल्या प्रत्येक भागाचे स्वतंत्र बिल आणि स्वतंत्र वॉरंटी असते. डबाबंद विकल्या जाणाऱ्या इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरला साधारण तीन वर्षांची. नकली असू शकते ती त्यात टाकलेली विंडोज, आणि तो दोष टाकणाऱ्याचा आणि टाकून घेणाऱ्याचा.

“या कंपन्या एकमेकींच्या वैरी आहेत, गिऱ्हाइकाने एक बाजू धरावी.”

६ ऑगस्ट १९९७ रोजी बोस्टनच्या मॅकवर्ल्ड मेळाव्यात स्टीव्ह जॉब्ज यांनी जाहीर केले की मायक्रोसॉफ्ट ॲपलमध्ये १५ कोटी डॉलर गुंतवणार आहे. मागच्या प्रचंड पडद्यावर बिल गेट्स यांचा चेहरा उमटला आणि सभागृहातून हुर्यो उठली. वर्षानुवर्षे मायक्रोसॉफ्टला शत्रू मानणाऱ्या निष्ठावंतांना ते सहन झाले नाही. अडचणीत आलेल्या ॲपलला त्या कराराची गरज होती. मॅकसाठी ऑफिस पाच वर्षे काढत राहण्याचे वचनही त्यातच होते. ॲपल जिंकावी म्हणून मायक्रोसॉफ्ट हरलीच पाहिजे ही समजूत टाकून द्यावी लागेल, असे जॉब्ज यांनीच त्या सभागृहाला सुनावले. आजही स्मार्टफोनच्या बाजारात ॲपलशी झुंजणारी सॅमसंग त्याच आयफोनसाठी पडदे पुरवते. वैर असते ते जाहिरातीपुरते. मालाच्या व्यवहारात सगळ्यांचे सगळ्यांशी जमते. कीबोर्डशेजारचा ‘इंटेल इनसाइड’चा स्टिकरसुद्धा १९९१ पासूनच्या एका योजनेचा भाग आहे. तो छापणाऱ्या कंपन्यांच्या जाहिरातखर्चाचा काही वाटा इंटेल उचलत असे. गिऱ्हाईक त्याला दर्जाचा शिक्का समजले.

“ब्रँडेड घेतला की सर्व्हिसची चिंता नाही.”

दोडामार्गसारख्या ठिकाणी कंपनीची निवड खरोखर महत्त्वाची ठरते ती इथे, आणि नेमका इथेच प्रश्न विचारला जात नाही. वॉरंटी दोन प्रकारची असते. एकीत माणूस घरी येतो, दुसरीत यंत्र घेऊन सेवा केंद्रात जावे लागते. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांना या दोन वेगवेगळ्या वॉरंट्या असू शकतात. ‘घरी येऊन सेवा’ असे लिहिले असले तरी ती कुठल्या पिनकोडला लागू आहे हे कंपनीच ठरवते. तेव्हा पैसे देण्याआधी कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन करून आपल्या गावाचा पिनकोड सांगावा आणि तिथे माणूस येतो का, किती दिवसांत येतो, हे विचारावे. दुकानदाराचे ‘येतो हो, येतो’ हे उत्तर धरू नये.

गावातल्या दुरुस्तीवाल्याचे मत मात्र जरूर घ्यावे, ते कशाबद्दल आहे हे ओळखून. तो एका कंपनीची शिफारस करतो, तेव्हा सहसा त्या कंपनीचा कीबोर्ड, पडदा, बॅटरी त्याला म्हापशाहून किंवा कोल्हापूरहून दोन दिवसांत मिळते, एवढेच त्याला सांगायचे असते. टिकाऊपणाबद्दल ते काहीच सांगत नाही, पण जुलै महिन्यात यंत्र बंद पडल्यावर उपयोगी पडते. वॉरंटी वाढवून घ्यायची असेल तर बहुतेक कंपन्या ती मूळ मुदत संपायच्या आतच देतात. एक दिवस उलटला की बोर्ड बदलण्याचा खर्च अर्ध्या लॅपटॉपच्या किमतीपर्यंत जाऊ शकतो.